मुलांना मी जो येशू शिकवला

माझं माहेर जालन्याकडचं. वडील तिथल्या एका चर्चच्या आवारात राखणदार होते. झाडलोट करायची, रविवारी घंटा वाजवायची, कोणाचं लग्न असलं की बाक हलवायचे, ही त्यांची कामं. प्रार्थना आमच्या घरात भाकरीसारखी रोजची होती. ती मला कोणी मुद्दाम शिकवली असं आठवत नाही.

लग्न होऊन मी सातपुड्याच्या पायथ्याशी, सोनाळ्याच्या अलीकडच्या एका गावात आले. तिथं ख्रिस्ती घरं चारच. कोणाच्या तरी आज्यानं फार पूर्वी बाप्तिस्मा घेतलेला, आणि मागच्यांनी तो जमेल तसा सांभाळलेला. गावात चर्च नव्हतं. नांदुऱ्याला एका रेल्वेतल्या माणसाच्या क्वार्टरमध्ये रविवारी उपासना भरायची, आणि पाळकसाहेब महिन्यातून एखाद्या वेळी लांबून तिथं यायचे. बस मिळाली तर आम्ही जायचो. नाही मिळाली तर रविवार घरीच.

मी दहावीपर्यंत शिकलेली, गाणीही बरीच पाठ. त्यामुळे मुलांना शिकवायचं काम आपोआप माझ्याकडं आलं. रविवारी दुपारी ओसरीवर सतरंजी टाकायची. माझी मुलगी, तिच्यापेक्षा लहान मुलगा, आणि बाकीच्या घरांतली पाच-सहा. गाणं म्हणायचं, मग गोष्ट, मग प्रत्येकानं आपल्या शब्दांत एक प्रार्थना करायची. मी शिकले होते तशीच गोष्ट सांगायचे, फक्त ती इथल्या मातीत आणायची. समुद्र मुलांनी कुठं बघितलेला? म्हणून वादळातली नाव सांगताना मी म्हणायचे, वान नदीला पूर आल्यावर कसं पाणी असते, तसं समजा. शिष्य घाबरले आणि येशू नावेत निजलेला होता.

माझ्या मुलानं एकदा विचारलं, "तो खरंच झोपला होता का उगाच डोये लावून पडला होता?"

सगळी पोरं हसली. मी म्हटलं, खरंच झोपला होता, दिवसभर लोकांमध्ये दमला होता. पण तो नावेत होता ना, म्हणून नाव बुडाली नाही. पुढं काय होणार ते आपल्याले माहीत नसते, त्याले माहीत असते. आपण त्याच्या मागं मागं चालायचं.

हे मी पुष्कळ वेळा सांगितलं असेल. त्या वेळी ते मला अवघड वाटत नव्हतं.

मुलांच्या बाबांकडं वावर म्हणावं अशी जमीन नव्हती. पावसाळ्यात ते लोकांच्या कपाशीत फवारणीला जायचे. पाठीवरचा पंप त्यांचा स्वतःचा होता. हात एकसारखा फिरतो, झाड सुटत नाही, म्हणून लोक त्यांनाच बोलवायचे. कपाशीचं बीटी बियाणं नवीन आलं होतं तेव्हा गावात सगळे म्हणत होते की आता अळी गेली आणि फवारणीही गेली. तेव्हा त्यांना आपलं काम जाईल अशी काळजी लागली होती. काम काही गेलं नाही. आधी मावा आणि तुडतुडे आले. मग पांढरा पिठ्या ढेकूण आला. आणि काही वर्षांनी अळीच परत आली, गुलाबी, बोंडाच्या आत बसणारी. वरून बोंड हिरवंगार दिसायचं आणि फोडलं की आत काळं पडलेलं असायचं.

ज्या वर्षाचं मी सांगते आहे त्या वर्षी कपाशीची पऱ्हाटी फार वाढली होती. माणूस आत शिरला की दिसत नव्हता. नुसता पंपाचा आवाज यायचा आणि झाडांच्या शेंड्यावर धुकं उठायचं. लोक घाबरलेले होते. दुकानदार देईल ती दोन-तीन औषधं एकत्र कालवून मारत होते. मुलांचे बाबा तोंडाला दुपट्टा बांधून जायचे. झाडं डोक्याच्या वर असल्यामुळे फवारा वर धरावा लागायचा आणि मग तो तोंडावरच पडायचा. संध्याकाळी आले की त्यांच्या अंगाला असा वास असायचा की मुलगा जवळ जायचा नाही. मी अंगणातच आंघोळीचं पाणी द्यायचे. डोळे लाल असायचे, ते थंड पाण्यानं धुवायचे, जेवायचे, निजायचे.

रविवारी मुलं प्रार्थनेत अळीचं नाव घ्यायला लागली. अळी जाऊ दे, बोंडं चांगली येऊ दे. घराघरात तेच बोलणं चाललेलं, मग मुलं दुसरं काय मागणार? मुलीनं एकदा विचारलं की अळी पण देवानंच केली ना, मग आपण तिले मार असं त्याले कसं म्हणायचं? मी काहीतरी उत्तर दिलं. काय दिलं ते आता आठवत नाही. तिचं समाधान झालं नव्हतं एवढं आठवतं.

त्या दिवशी मी अंगणात मुगाच्या शेंगा सोलत बसले होते. दुपार होती. मोटारसायकलवर दोन माणसांच्या मध्ये बसवून मुलांच्या बाबांना आणलं. मान पडलेली होती, तोंडातून फेस येत होता, आणि सगळं अंग घामानं भिजलेलं. ज्यांच्या वावरात ते गेले होते तो शेतकरी मागं बसून त्यांना धरून होता. म्हणाला की वावराच्या कडेला धुऱ्यावर येऊन बसले, म्हणाले अंधारी येऊन राह्यली, आणि मग पडलेच.

तिथून तालुक्याच्या दवाखान्यात, तिथून अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात. मुलांना मी शेजारी टाकून गेले. शेजारी पिंजाऱ्याचं घर होतं, गाद्या आणि रजया भरून देणारे. त्या घरातल्या बाईला मुलं चाची म्हणायची. मी गाडीत बसताना तिनं दोघांना जवळ ओढलं होतं. मागं बघायला मला वेळ नव्हता.

दवाखान्यात त्यांच्यासारखेच आणखी होते. सगळे फवारणीचे. त्यांच्या बायका बाहेर व्हरांड्यात बसलेल्या. एकीनं उशीखाली ठेवायला गजाननाचा फोटो आणला होता. एकीच्या नवऱ्याच्या दंडात तावीज होता. आम्ही सगळ्याजणी एकाच दाराकडं बघत बसायचो. मी मनातल्या मनात प्रार्थना करायचे, पण ती पूर्ण व्हायची नाही. प्रभू, एवढंच म्हणून व्हायचं आणि मग कोणीतरी दार उघडायचं.

चाची तिच्या मुलाच्या फोनवरून मला लावून द्यायची. ती सांगायची की मुलं जेवली, शाळेत गेली. दिवा लागला की मुलं तुमची जी दुआ असते ती म्हणतात. तिनंच त्यांना बसवायला सुरुवात केली होती. मी काही सांगितलं नव्हतं. तिची संध्याकाळची मगरीबची नमाज झाली की ती त्यांना हाक मारायची, चला बेटा, आता तुमचं म्हणा, आणि ते दोघं म्हणेपर्यंत दाराशी बसून राहायची.

फोनवर मुलानं विचारलं, "आई, लोकं त्याले औषध म्हणतात ना? मग औषधानं बाबा बिमार कसे पडले?"

ते झाडाचं औषध असते, मी म्हटलं.

एका सकाळी डॉक्टर म्हणाले की आता जिवाला धोका नाही. मी व्हरांड्यातल्या बायकांना सांगितलं. त्यांतल्या एकीचा नवरा आदल्याच दिवशी गेला होता आणि ती अजून कागदांसाठी थांबलेली होती. मी आनंदानं बोलून गेले आणि मग ती समोर आहे हे माझ्या लक्षात आलं. ती म्हणाली, "चांगलं झालं, बाई." मी तिथून उठून नळापाशी जाऊन उभी राहिले. आम्ही दोघीही मागत होतो. माझं ऐकलं असं म्हणावं, तर तिचं का नाही ऐकलं? हा प्रश्न मी मुलांपर्यंत जाऊ द्यायचा नाही असं तिथंच ठरवलं.

मुलांच्या बाबांना दिसत नव्हतं हे तोपर्यंत आम्हाला कळलं होतं. उजेड आणि अंधार एवढं कळायचं. खिडकी कुठं आहे ते सांगायचे, पण समोरचं माणूस नाही. डॉक्टर म्हणाले, नजर कधीकधी हळूहळू येते. येईल किंवा नाही येणार. मी विचारलं, किती दिवसांनी? ते म्हणाले, ते आम्हाला सांगता येणार नाही.

आम्ही घरी आलो तेव्हा मुलं रस्त्यावरच उभी होती. मुलगी पळत आली आणि म्हणाली, "आई, मी म्हटलं होतं ना, येशू बाबाले आणीन." तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी पुन्हा कधी बघितलं नाही. मुलांचे बाबा आवाजाकडं हात पुढं करून उभे राहिले. हात तिच्या डोक्यावर न पडता बाजूला हवेत पडला. तिनं तो धरला आणि माझ्याकडं बघितलं. मी तिला आधी सांगायला हवं होतं, पण फोनवर कसं सांगायचं ते मला सुचलं नव्हतं.

मग आमची वाट बघणं सुरू झालं. रोज सकाळी मुलगा त्यांच्यासमोर बोटं धरायचा आणि विचारायचा किती. ते अंदाजानं सांगायचे. कधी बरोबर यायचं, मग घरात तेवढाच हुरूप. कपाशीचं त्या वर्षी काही झालं नाही. गावात लोकांनी उभ्या पऱ्हाटीत ढोरं सोडली. वेचणी नव्हती म्हणून मलाही काम नव्हतं. आम्ही सगळे घरीच.

पाऊस थांबून ऊन पडायला लागलं होतं तेव्हाची गोष्ट. मी चुलीपाशी होते. बाहेर दोघा मुलांची कुजबुज ऐकू आली, म्हणून दारातून बघितलं. मुलांचे बाबा ओट्यावर बसलेले. मुलगा खाली काळ्या मातीत थुंकत होता आणि बोटानं ती कालवत होता. मुलगी त्याला सांगत होती की खडे काढ, त्यांच्या डोयात जातीन. येशूनं आंधळ्या माणसाच्या डोळ्यांवर थुंकीनं कालवलेली माती लावली आणि त्याला तळ्यावर जाऊन धुवायला सांगितलं, ती गोष्ट मीच त्यांना सांगितली होती.

मी पुढं होऊन थांबवू शकले असते. मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले. मुलांच्या बाबांना काय चाललं आहे ते कळलेलं होतं. त्यांनी मान खाली केली, म्हणजे मुलांचा हात पुरेल. मुलीनं दोन्ही पापण्यांवर माती लावली, आधी डाव्या, मग उजव्या. मग म्हणाली, "बाबा, आता पाण्यावर जा लागते."

घरात पाणी होतं, पण मुलांच्या मते ते चालणार नव्हतं. तळंच पाहिजे. आमच्या गावाच्या कडेला नाल्यावर एक छोटा बंधारा आहे, त्यात त्या दिवसांत पाणी असतं. एका बाजूनं मुलगी, एका बाजूनं मुलगा, आणि मध्ये डोळ्यांवर माती घेऊन त्यांचे बाबा असे गल्लीतून निघाले. मी टॉवेल घेऊन मागं मागं. लोक ओट्यावर बसलेले होते. चाची दारात आली, तिनं बघितलं आणि पदर तोंडाला लावला. तो गरीब माणूस, ज्याला चारचौघांत मोठ्यानं बोलायचीही लाज वाटायची, तो मुलांसाठी तसा गावातून चालत गेला.

बंधाऱ्याच्या पायरीवर ते बसले. ओंजळीनं पाणी घेतलं, डोळे धुतले. पुन्हा घेतलं, पुन्हा धुतले. माती गालावरून खाली गळ्यापर्यंत आली. मग त्यांनी डोळे उघडले आणि पाण्याकडं बघितलं. उन्हात पाणी चमकत होतं, तेवढं त्यांना नक्की कळलं असेल.

मुलगी म्हणाली, "दिसते का, बाबा?"

त्यांना खोटं बोलता आलं असतं. मला वाटलं होतं की ते निदान थोडंसं दिसते असं म्हणतील. ते म्हणाले, "नाही, बाई. पण थंड वाटलं."

मुलगा म्हणाला, "अजून एक डाव करू."

अजून एक डाव केलं. तिथल्याच काठच्या चिखलाचं. मुलगी त्या वेळी बाजूला उभी राहिली. येताना मुलानं बाबांचा हात धरला होता आणि ती एकटी पुढं चालत होती. घरी आल्यावर ती माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "मी सगळं बराबर केलं. तू सांगतलं तसंच." मी म्हटलं, हाव. ती थांबून राहिली. मी तिला म्हटलं की आपण मागत राहायचं. तिनं विचारलं, कधीपर्यंत? डॉक्टरांना मी तेच विचारलं होतं. मी तिचे मातीचे हात धुऊन दिले.

थोड्या दिवसांनी पाळकसाहेब आम्हाला भेटायला आले. बस बदलत बदलत आले होते, येताना थोडे तांदूळ आणि मुलांसाठी बिस्किटं आणली होती. चांगला माणूस. त्यांनी प्रार्थना केली, मुलांच्या बाबांच्या डोक्यावर हात ठेवून बराच वेळ केली. मग चहा घेताना म्हणाले की विश्वास मोहरीएवढा असला तरी पुरतो, तो शंका न धरता ठेवला पाहिजे. ते सगळेच म्हणतात. मीही म्हटलं होतं. मुलगी दाराच्या आतल्या बाजूला बसून ऐकत होती हे मला माहीत होतं, पण त्यात ऐकू नये असं काही आहे असं वाटलं नाही.

एके दिवशी शाळेतल्या बाई माझ्याकडं आल्या. मुलगी बरेच दिवस शाळेत खिचडी खात नाही, ताट घेते आणि दुसऱ्या मुलींना वाटते, असं त्यांनी सांगितलं. सकाळी ती मला म्हणायची की शाळेत जेवीन, आणि संध्याकाळी म्हणायची की शाळेत जेवले. मी तिला जवळ घेतलं तर तिच्या पाठीची हाडं हाताला लागली. मी इतके दिवस बघितलं नव्हतं, माझं लक्ष सगळं तिच्या बाबांच्या डोळ्यांकडं.

मी विचारलं, "काऊन नाही जेवत?"

ती म्हणाली, "उपास करून राह्यली. माह्या विश्वासात काहीतरी कमी आहे. माती लावताना माह्या मनात आलं होतं, हे नाही झालं तं?"

त्या दिवशी तिला मी मांडीवर घेतलं, एवढी मोठी मुलगी. तिला म्हटलं की तुझ्या विश्वासात काहीच कमी नव्हतं. तुझ्याएवढा तर माझाही नाही. तिनं मान वर करून विचारलं, "मग कोणाचं कमी पडलं?"

बाबांचं म्हणू? पाळकसाहेबांचं? उरला तो एकच, आणि त्याचं नाव मला घेता येईना. मी तिला गरम भात कालवून भरवला. तिनं खाल्ला. खाताना रडत होती.

त्यानंतरच्या रविवारी मी बरं करण्याच्या गोष्टी सांगणं बंद केलं. सतरंजीवर मुलं बसली होती आणि मला काही सांगता येईना. शेवटी बागेतली गोष्ट सांगितली. येशूला धरायला लोक येणार होते, तो बागेत गुडघ्यावर पडून बापाकडं मागत होता की हे माझ्यावरून टळू दे. घाम गळेपर्यंत मागितलं. सोबतचे झोपले होते. आणि ते टळलं नाही. त्यालेही नाही म्हटलं गेलं, मी मुलांना सांगितलं. त्याले माहीत आहे की मागून न मिळणं कसं असते. म्हणून आपण त्याच्या मागं चालायचं. आपल्यासारखाच आहे तो.

मला वाटलं की हे खरं आहे आणि हे मुलांना धरता येईल. मला स्वतःला ते धरता येत होतं, थोडं तरी.

माझा मुलगा म्हणाला, "त्याच्याच बापानं त्याचं नाही ऐकलं, तं आपलं काऊन ऐकीन?"

कोणी हसलं नाही. मोठी मुलं माझ्याकडं बघत होती. मी गाणं सुरू केलं. एक कडवं झाल्यावर लक्षात आलं की मी आणि एक लहानगी, दोघीच म्हणतो आहोत.

पुढच्या वर्षी चारांतली दोन घरं गेली. एक सुरतेला, एक पुण्याकडं वीटभट्टीवर. तिसऱ्या घरात म्हातारा-म्हातारीच उरले. ओसरीवर माझीच दोन मुलं राहिली आणि मग रविवारची वेगळी सतरंजी टाकण्यात अर्थ राहिला नाही. मी वेचणीला, निंदणाला जायला लागले. संध्याकाळी घरची प्रार्थना मात्र चालू ठेवली. मुलगा समोरची भिंत बघत बसायचा. मुलगी डोळे मिटायची. मुलांचे बाबा शेवटी आमेन म्हणायचे, स्पष्ट आवाजात.

एकदा मुलं शाळेत असताना ते मला म्हणाले, "मी आमेन म्हणतो ते पोरायसाठी. मले आता काही वाटत नाही. बोललं तं कोणी हाये असं वाटत नाही."

मी तांदूळ निवडत होते. मी म्हटलं, मग म्हणू नका. ते म्हणाले, "म्हणतो. तू सांगून राह्यली त्यायले, अन् मी गप बसलो तं कसं दिसते." मी त्यांना म्हटलं नाही की मलाही बरेचदा तसंच वाटतं. बहुतेक त्यांना ते ठाऊक होतं. त्यांनी माझ्याकडं तोंड केलं, म्हणजे माझ्या आवाजाकडं.

नजर आली नाही. आता ती येईल असं कोणी म्हणतही नाही. उजेडाचं कळायचं तेही कमी होत गेलं.

मुलगा दहावी झाल्यावर पुढं शिकला नाही. पुण्याकडं एका गोदामात माल चढवायच्या कामाला गेला. सणासुदीला येतो म्हणतो आणि येत नाही. गेल्या नाताळात मी करंज्या करून वाट बघितली. फोन आला की सुट्टी नाही. तो वाईट मुलगा नाही, बाबांच्या औषधपाण्याचं विचारतो. मी फोन ठेवताना म्हणते, प्रार्थना करत जा. तो "हाव" म्हणतो. फोन ठेवायचा असला की जसं म्हणतात तसं.

मुलगी बारावी झाली आणि नांदुऱ्याला एका कापड दुकानात लागली. रोज बसनं जाते आणि येते. लग्नाचं बघायला एक-दोन जागा आल्या, पण बाबांचं कोण करील म्हणून ती नाही म्हणते. मी सांगून थकले. रेल्वेतल्या त्या माणसाची बदली झाली आणि त्या क्वार्टरमधली उपासना बंद पडली. आता कोणाला जायचं असेल तर खामगावला जावं लागतं. मी कधीमधी जाते. मुलगी सुट्टी असली की बरोबर येते.

मागच्या महिन्यात खामगावहून येताना बसमध्ये जागा मिळाली, आम्ही शेजारी शेजारी बसलो. खिडकीतून दोन्ही बाजूंना कपाशीच दिसत होती. लोक अजून तीच पेरतात, दुसरं काय पेरणार? मी तिला विचारलं की तू प्रार्थना करतेस का. इतक्या वर्षांत मी हे असं सरळ विचारलं नव्हतं.

ती म्हणाली, "नाही."

"मग माह्यासंगं काऊन येतेस?"

"तू एकटी जाऊ नये म्हणून."

थोड्या वेळानं तिनंच विचारलं, "तू आम्हाले सांगायचीस की त्याच्या मागं चालायचं. तू चालून राह्यली ना एवढे वर्षं. पोहोचली का कुठं?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. खरंच जाणून घ्यायचं होतं तिला. मी खोटं बोलणार नव्हते. तिच्या बाबांनी बंधाऱ्यावर खोटं सांगितलं नाही, मग मी बसमध्ये का सांगू? मी म्हटलं, "नाही पोहोचली."

"मग?"

"मग काही नाही. दुसरी वाट मले माहीत नाही."

तिनं मान हलवली. मग पिशवीतून शेंगदाणे काढले आणि माझ्या हातावर ओतले. आम्ही ते खात बसलो. फाट्यावर उतरलो तेव्हा ऊन कलत होतं. घरापर्यंतची वाट आम्ही चालत गेलो. मुलांचे बाबा ओट्यावर बसलेले होते. त्यांनी आमची पावलं ओळखली आणि उठून दार उघडून दिलं. मी स्वयंपाकाला लागले. मुलीनं त्यांची नखं कापायला घेतली.

जेवणं झाल्यावर मी नेहमीसारखी प्रार्थनेला बसले. त्या दिवशी मी कोणालाच हाक मारली नाही. ते दोघं आपणहून बसले की नाही तेही मी बघितलं नाही. मी डोळे मिटले, आणि मुलाचं नाव घेतलं.